बटण वेगळं, अक्षर वेगळं: डेस्कटॉप प्रोग्राममध्ये इनपुट मेसेज कुठे अडवावेत

निपाणी किंवा बेळगावच्या बाजारातल्या अडत दुकानासाठी पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशेबाचा, प्रोग्राम लिहायला घेतला की पहिल्याच फॉर्मवर तीन लिप्या समोर येतात. शेतकऱ्याचं नाव मराठीत नाहीतर कन्नडमध्ये, गाडीचा नंबर इंग्रजीत, आणि वजन, दर, हमाली, तोलाई, अडत हे सगळे आकडे. पट्टी करणारा माणूस एकच, कीबोर्डही एकच, आणि दर दोन रकान्यांनी भाषा बदलते. त्यात गिऱ्हाईक समोर उभं असतं. अशा ठिकाणी "वजनाच्या रकान्यात आकड्यांशिवाय काही जाऊ देऊ नका" एवढी साधी मागणीसुद्धा चुकीच्या जागी पुरी केली तर दिवसभर फोन वाजतो.

इनपुट अडवण्याच्या जागा तीन आहेत. मेसेज, म्हणजे कीबोर्डचं बटण दाबल्याची विंडोजने प्रोग्रामला दिलेली खबर, रांगेतून बाहेर पडतो ती पहिली, अक्षर रकान्यात शिरतं ती दुसरी, आणि रकान्यातला मजकूर बदलून झाल्यावरची तिसरी. बहुतेक चुका पहिल्या जागेचं काम दुसऱ्या जागेवर किंवा दुसरीचं पहिलीवर केल्याने होतात. बटण ही आज्ञा आहे, अक्षर हा मजकूर आहे. आज्ञा रांगेपाशी अडवावी, मजकूर रकान्यात तपासावा.

आधी मेसेजचा प्रवास पाहू. विंडोजमध्ये बटण दाबलं की सिस्टीम ते त्या वेळी फोकस असलेल्या थ्रेडच्या रांगेत टाकते. प्रोग्रामचा मेसेज लूप गेट-मेसेजने तो उचलतो, ट्रान्सलेट-मेसेजकडे देतो आणि मग डिस्पॅच-मेसेजने विंडोकडे पोचवतो. बटण दाबल्याचा मेसेज म्हणजे कीडाउन, क्रमांक २५६. सोडल्याचा कीअप, २५७. ट्रान्सलेट-मेसेज हा कीडाउन बदलत नाही. चालू कीबोर्ड लेआउट, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर याची मांडणी, पाहून तो कॅरॅक्टरचा नवा मेसेज, क्रमांक २५८, रांगेत टाकतो. म्हणजे २५६ मध्ये असतो बटणाचा कोड आणि २५८ मध्ये असतं अक्षर. कीडाउन ट्रान्सलेट होण्याआधीच गिळला तर त्याचं अक्षर जन्मालाच येत नाही.

हे न कळल्याने होणारी ठराविक चूक अशी. वजनाच्या रकान्यासाठी कीडाउनमध्ये कोड ४८ ते ५७ असेल तरच सोडायचं असं लिहिलं जातं. आकड्यांच्या वरच्या ओळीचे कोड तेच आहेत, पण नंबरपॅडचे कोड ९६ ते १०५ आहेत. पट्टी करणाऱ्याचा उजवा हात कायम नंबरपॅडवर असतो, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला तक्रार येते. ती दुरुस्त केली तरी शिफ्ट धरून ५ दाबला की कोड ५३ च राहतो आणि रकान्यात टक्क्याचं चिन्ह उमटतं. दशांश चिन्हाचेही कोड दोन: मुख्य कीबोर्डवर १९०, नंबरपॅडवर ११०. आणि लेआउट मराठी असेल तर त्याच बटणांतून भलतंच काही निघू शकतं. बटणाच्या कोडवरून अक्षर ओळखायला जाऊ नका. ते काम लेआउटचं आहे.

मग रांगेपाशी काय अडवायचं? फंक्शन बटणं, एंटरने पुढच्या रकान्यात जाणं, बारकोड स्कॅनर, आणि बराच वेळ कोणी हात लावला नाही तर स्क्रीन कुलूपबंद करणं. एवढंच.

डॉटनेटच्या विनफॉर्म्समध्ये, म्हणजे डेस्कटॉपचे फॉर्म बनवण्याच्या साधनात, यासाठी आय-मेसेज-फिल्टर हा इंटरफेस आहे. त्यात प्री-फिल्टर-मेसेज हे एकच फंक्शन. ते ट्रू परत करतं तेव्हा मेसेज तिथेच संपतो, फॉल्स असेल तर पुढे जातो. ॲप्लिकेशन-ॲड-मेसेज-फिल्टरने तो जोडायचा आणि काम संपल्यावर रिमूव्ह करायचा. रिमूव्ह विसरलात तर बंद केलेला फॉर्म मेमरीत जिवंत राहतो आणि त्याचा फिल्टर चालतच राहतो. पट्टीचा फॉर्म दिवसात पन्नास वेळा उघडला तर संध्याकाळी पन्नास फिल्टर रांगेत उभे असतात. एफ-पाच दाबलं की पन्नास वेळा काहीतरी होतं आणि प्रोग्रामरला वाटतं डेटाबेस संथ झालाय.

फंक्शनच्या पहिल्या ओळीत मेसेजचा क्रमांक तपासा आणि नको असेल तर लगेच फॉल्स परत करा. साधा यूएसबी माउस सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवू शकतो आणि त्यातून येणारे माउस हलल्याचे मेसेज, क्रमांक ५१२, याच दारातून जातात. तिथे डेटाबेस वाचणं, फाइलमध्ये लॉग लिहिणं किंवा फॉर्मवरचे सगळे कंट्रोल शोधणं केलं तर पडदा अडखळतो.

एफ-दहाची गंमत वेगळीच. पट्टी सेव्ह करायला हे बटण आपल्याकडच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये सवयीचं आहे. पण विंडोज एफ-दहाला मेनू उघडण्याचं बटण मानतं, म्हणून तो साध्या कीडाउनने न येता सिस-कीडाउनने येतो, क्रमांक २६०. फक्त २५६ पाहणाऱ्या फिल्टरला एफ-दहा कधी दिसतच नाही. यावर २६० सरसकट गिळण्याचा उपाय काहीजण करतात. त्याने ऑल्ट-एफ-चार आणि ऑल्टची मेनूची अक्षरं बंद पडतात. २६० मध्ये कोड १२१ असेल तेवढाच घ्यावा, बाकी सोडून द्यावेत.

सेव्हच्या बटणाला आणखी एक पथ्य आहे. बटण दाबून धरलं की कीडाउन पुन्हा पुन्हा येत राहतो. मेसेजसोबत येणाऱ्या एल-पॅराम या आकड्यातला तिसावा बिट सांगतो की बटण आधीपासूनच दाबलेलं होतं का. तो १ असेल तर मेसेज आपोआप आलेला आहे, सेव्ह करू नका. हा बिट न पाहिल्याने एकाच गाडीच्या दोन पट्ट्या निघतात, त्यांचे नंबरही वेगळे असतात, आणि हिशेब जुळवताना शेतकऱ्यासमोर मान खाली जाते. बिटांची मोजणी शून्यापासून करायची हे लक्षात असू द्या.

फिल्टर थ्रेडपुरता असतो, फॉर्मपुरता नसतो. त्यामुळे शो-डायलॉगने उघडलेल्या छोट्या खिडकीत दर भरताना एफ-दहा दाबलं तरी मागच्या फॉर्मचा फिल्टर जागा होतो आणि अर्धवट पट्टी सेव्ह करतो. फिल्टरमध्ये आधी ॲक्टिव्ह फॉर्म आपलाच आहे का ते पाहावं. उलट बाजूने, मेसेज-बॉक्स किंवा फाइल उघडण्याचा डायलॉग समोर असताना लूप विंडोजचा स्वतःचा चालतो आणि तुमचा फिल्टर मुळीच बोलावला जात नाही. स्क्रीन कुलूपबंद करण्याचा टायमर या फिल्टरवर बेतला असेल तर हे विसरू नका.

मेसेज कुठल्या कंट्रोलचा आहे हे हँडलवरून, म्हणजे विंडोच्या ओळखक्रमांकावरून, शोधताना कॉम्बोबॉक्स (यादीतून निवडायची चौकट) चकवतो. त्याच्या आतली लिहिण्याची चौकट ही वेगळी विंडो असते, तिचा हँडल फ्रॉम-हँडलला दिला तर हाती नल येतो. फ्रॉम-चाइल्ड-हँडल वापरा, तो वरच्या पालकापर्यंत चढतो.

हे सगळं पाहता, एका फॉर्मपुरत्या शॉर्टकटसाठी मी फिल्टरच्या वाटेलाच जाऊ नका असं म्हणेन. विनफॉर्म्समध्ये प्रोसेस-सीएमडी-की ओव्हरराइड करावं. ते त्या फॉर्मपुरतंच चालतं, २५६ आणि २६० दोन्ही त्यातून जातात, आणि काढून टाकायची भानगड नाही. सी-प्लस-प्लसच्या एमएफसी लायब्ररीत प्री-ट्रान्सलेट-मेसेज हे काम करतं. मेसेज ज्या विंडोचा तिच्यापासून सुरू होऊन तो पालकांपर्यंत चढत जातो, कोणीही ट्रू म्हटलं की थांबतो. डेल्फीत ॲप्लिकेशनचा ऑन-मेसेज. क्यूटीत इन्स्टॉल-इव्हेंट-फिल्टर, आणि तिथे शेवटी जोडलेला फिल्टर सर्वात आधी चालतो. क्यूटीचा फिल्टर पूर्ण ॲप्लिकेशनवर लावला तर एकच बटण एकापेक्षा जास्त वेळा दिसू शकतं, कारण विजेटने (क्यूटीतल्या कंट्रोलने) नाकारलेला इव्हेंट पालकाकडे जातो आणि प्रत्येक टप्प्यावर फिल्टर पुन्हा बोलावला जातो. मोजणी करणारा कोड तिथे हमखास चुकतो. शक्य असेल तर त्या एका विजेटवरच फिल्टर लावा.

एंटरने पुढच्या रकान्यात जाणं ही आपल्याकडची हट्टाची मागणी. टॅबची सवय कोणाला नसते आणि ती लावायला जाऊही नये. पण एंटर सरसकट टॅबमध्ये बदलला तर चार ठिकाणी अडतं. पत्त्याच्या अनेक ओळींच्या चौकटीत नवी ओळ मिळत नाही. बटणावर फोकस असताना ते दाबलं जात नाही. कॉम्बोबॉक्सची यादी उघडी असताना निवड पक्की होण्याआधी फोकस उडतो. चौथं ठिकाण टायपिंगचं. फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा, शब्द जुळवत असताना एंटर हा त्या शब्दाला पक्का करण्यासाठी असतो. अशा वेळी कीडाउनमध्ये बटणाचा खरा कोड न येता २२९ येऊ शकतो. तो दिसला की काहीही न करता मेसेज जाऊ द्यायचा, असा नियम फिल्टरच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. तसाच २३१ हा कोड. टायपिंगची काही साधनं अक्षर थेट पाठवतात तेव्हा हा येतो. त्यामागे बटण नसतं, निव्वळ अक्षर असतं, आणि तो गिळला तर मजकूर हरवतो.

आता स्कॅनर. किराणा, औषध, कापड अशा दुकानांत बारकोड स्कॅनर बहुतेक वेळा कीबोर्ड बनून जोडलेला असतो. तो १३ आकडे भराभर टाइप करतो आणि शेवटी एंटर पाठवतो. फोकस कुठेही असला तरी हे आकडे माल निवडण्याच्या यादीत जायला हवेत, म्हणून ते रांगेपाशीच पकडावे लागतात.

ओळखायची रीत वेळेवरून. स्कॅनरच्या दोन अक्षरांत काही मिलिसेकंदांचं अंतर असतं, माणसाच्या बोटांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. ३० ते ५० मिलिसेकंदांची सीमा धरावी, किमान सहा अक्षरं सलग आली पाहिजेत, आणि शेवटी एंटर. वेळ मोजताना मात्र स्टॉपवॉच लावू नका. प्रोग्राम दोन सेकंद प्रिंटरची वाट पाहत अडकला आणि तेवढ्यात माणसाने सहा आकडे टाइप केले, तर ते रांगेतून एकदम बाहेर पडतात आणि स्टॉपवॉचला स्कॅनर वाटतात. गेट-मेसेज-टाइम वापरा. तो मेसेज रांगेत कधी शिरला ते सांगतो. त्याची बारीकी १० ते १६ मिलिसेकंद असते, म्हणून सीमा ३० च्या खाली नेण्यात अर्थ नाही.

वेळेच्या रीतीत एक भोक राहतंच. पहिलं अक्षर येतं तेव्हा ते स्कॅनरचं की माणसाचं हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे ते चालू रकान्यात गळतं. दराच्या रकान्यात २४ च्या मागे ८ चिकटला की दर २४८ होतो. यावरचा पक्का उपाय स्कॅनरमध्येच आहे. जवळजवळ प्रत्येक स्कॅनरसोबतच्या पुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. त्यातून प्रत्येक कोडच्या आधी एक ठरावीक चिन्ह पाठवायला लावता येतं, असं की जे कोणी हाताने टाइप करणार नाही. ते दिसलं की एंटर येईपर्यंतचं सगळं तुमचं. वेळ मोजायची गरजच उरत नाही. मी नेहमी हीच वाट सुचवतो.

सीमाभागात स्कॅनरचा आणखी एक त्रास आहे, तो पुण्या-मुंबईच्या प्रोग्रामरला सहसा सुचत नाही. कीबोर्ड बनलेला स्कॅनर अक्षर पाठवत नाही, बटणाची जागा पाठवतो. कीबोर्ड मराठी किंवा कन्नडवर ठेवलेला असेल तर स्कॅनरने पाठवलेली इंग्रजी अक्षराची जागा त्या लेआउटमधून जाते आणि कोडमध्ये मात्रा, वेलांट्या उमटतात. नुसत्या आकड्यांचा कोड एखाद्या लेआउटमध्ये सुरळीत चालतो, पण माल कंपनीच्या अक्षरं असलेल्या कोडने नोंदवला की फसतं. "सकाळी चालत होता, दुपारी बंद पडला" अशी तक्रार आली की आधी टास्कबारवर भाषा कुठली आहे ते विचारा. उपाय दोन. स्कॅनची खिडकी पुढे आली की प्रोग्रामनेच लेआउट इंग्रजी करावा आणि जाताना आधीचा परत लावावा. नाहीतर स्कॅनर पुस्तिकेतल्या सेटिंगने व्हर्च्युअल कॉम पोर्टवर न्यावा, म्हणजे अक्षरं थेट अक्षरं म्हणून येतात आणि कीबोर्डच्या भाषेशी संबंध तुटतो. एकाच टेबलावर दोन भाषा चालणार असतील तर दुसरा उपाय बरा.

रॉ-इनपुटने, मेसेज २५५, कुठल्या उपकरणावरून बटण आलं हे कळतं, हे खरं. पण त्याने नेहमीचे २५६, २५८ थांबत नाहीत, आणि ते थांबवणारी खूण लावली तर प्रोग्रामपुरता साधा कीबोर्डही मुका होतो. दोन स्कॅनर वेगवेगळे ओळखायचे असतील तरच त्यात शिरा.

कोड पकडल्यावर तेराव्या आकड्याची पडताळणी करा. डावीकडून विषम जागांचे आकडे तसेच, सम जागांचे तिपटीने, बारा आकड्यांची बेरीज घ्यायची आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते पाहायचं. ८९०१२३४५६७८९ या बारा आकड्यांची बेरीज १३० येते, कमी काहीच पडत नाही, म्हणून तेरावा आकडा ०. भारतातल्या नोंदणीचे कोड ८९० ने सुरू होतात. एखादं अक्षर गळालेलं असेल तर ते इथे बहुतेक वेळा सापडतं.

आता दुसरी जागा, अक्षराची. सीमाभागात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण उदाहरणं इंग्रजी रकान्यांवर लिहिलेली असतात आणि आपण ती तशीच उचलतो.

नावाच्या रकान्यात "फक्त अक्षरं" हवीत म्हणून कीप्रेसमध्ये, म्हणजे २५८ आल्यावर विनफॉर्म्स उठवतं त्या इव्हेंटमध्ये, इज-लेटर (अक्षर आहे का हे सांगणारं फंक्शन) लावलं जातं. युनिकोडच्या हिशेबात मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. डॉटनेटचं इज-लेटर त्यांना फॉल्स म्हणतं. मग रकान्यात "बेळगाव" टाइप केलं की "बळगव" उमटतं, "निपाणी"चं "नपण" होतं आणि "खानापूर"चं "खनपर". कन्नड नावांचंही हेच होतं. लिपीच्या पट्ट्यावर विसंबावं हे बरं: देवनागरीसाठी २३०४ ते २४३१, कन्नडसाठी ३२००ते ३३२७, त्यासोबत रोमन अक्षरं, मोकळी जागा, टिंब, आणि ८२०४ व ८२०५ हे दोन न दिसणारे जोडक. हे जोडक विसरलात तर काही लेआउटमधून टाइप केलेला "दऱ्या"मधला र बिघडतो. चालणाऱ्या चिन्हांची यादी करण्यापेक्षा नको ते दोनचार, उदाहरणार्थ आकडे आणि अवतरण चिन्हं, वगळणं सोपं पडतं. खरं तर माणसाच्या नावाला फिल्टर लावूच नये. नाव चुकीचं आहे की नाही हे प्रोग्रामला कळत नाही.

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण लेआउटमध्ये शिफ्ट धरून ७ दाबलं की क्ष येतो. बटण एक, पण अक्षराचे मेसेज तीन: क, हलन्त, ष. म्हणजे एका कीडाउनमागे एकच कॅरॅक्टर मेसेज येईल हे गृहीत धरणारा कोड इथे कोसळतो. कमाल लांबीचंही तसंच. "लक्ष्मी" डोळ्याला दोन-तीन अक्षरं, टेक्स्टबॉक्सच्या मोजणीत सात. नावाला २० ची मर्यादा इंग्रजीत पुरते, मराठीत आणि कन्नडमध्ये अपुरी पडते. मर्यादा डेटाबेसच्या रकान्यावर ठरवा आणि तिथेही युनिकोड प्रकारच घ्या.

आकड्यांचा सापळा याच्या नेमका उलट. डॉटनेटचं इज-डिजिट देवनागरी आकडे, कन्नड आकडे, सगळ्यांना आकडा मानतं. रेग्युलर एक्सप्रेशनमधली आकड्याची खूणही तेच करते. पण मजकुराचा आकडा करणारं इंट-पार्स फक्त इंग्रजी आकडे स्वीकारतं. म्हणून वजनाच्या रकान्यात मराठी आकडे आरामात शिरतात, छान दिसतात, आणि सेव्ह करताना प्रोग्राम एरर देतो. जावाचं पार्स-इंट आणि पायथनचं इंट मराठी आकडे वाचतात, म्हणून त्या भाषांतून आलेल्या माणसाला हा दोष लवकर सापडत नाही.

इथे अडवण्यापेक्षा बदलून घेणं जास्त माणुसकीचं. देवनागरी आकड्यांचे कोड २४०६ ते २४१५ आहेत, त्यातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकडा मिळतो. कन्नडचे ३३०२ ते ३३११, त्यातून ३२५४ वजा करा. कीप्रेसमध्ये अक्षर बदलून पुढे सोडलं की पट्टी करणाऱ्याला भाषा बदलायची गरजच उरत नाही. ज्याने नाव कन्नडमध्ये लिहिलं तो त्याच लेआउटवर वजनही लिहितो.

कीप्रेसमध्ये आकड्यांशिवाय सगळं अडवताना नियंत्रण अक्षरं सोडायची असतात. बॅकस्पेस ८ म्हणून येतं, कॉपी ३, पेस्ट २२, कट २४, अनडू २६. ३२ च्या खालचं काहीही अडवू नका. आणि कंट्रोल व ऑल्ट दोन्ही दाबलेले दिसले की शॉर्टकट समजून गिळू नका. विंडोजमध्ये उजवा ऑल्ट, ऑल्टजीआर, हाच कंट्रोल-ऑल्ट म्हणून येतो. इंग्लिश (इंडिया) लेआउटवर रुपयाचं चिन्ह ऑल्टजीआर आणि ४ ने उमटतं, ते यात मरतं.

जुन्या प्रोग्रामसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. व्हीबी ६ किंवा २००९ च्या आधीच्या डेल्फीतले प्रोग्राम आजही दुकानांत चालतात. त्यांच्या विंडो युनिकोडच्या नसतात. मराठी आणि कन्नडला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांचा तक्ता, नाही, त्यामुळे अशा विंडोत अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, कोड ६३, येतं. फिल्टरमध्ये कितीही शोधलं तरी मूळ अक्षर तिथे नसतंच. जुन्या फाँटवर चालणारे प्रोग्राम असतील तर मराठी अक्षरं आत रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं म्हणूनच साठवलेली असतात. त्यांच्यावर विरामचिन्हं अडवणारा फिल्टर लावला की शब्दांचे तुकडे होतात.

तिसरी जागा, बदललेला मजकूर. पहिल्या दोन जागा कितीही घट्ट केल्या तरी मजकूर त्यांना वळसा घालून आत येतो. उजव्या क्लिकच्या मेनूतलं पेस्ट चौकटीकडे मेसेज ७७० म्हणून थेट पोचतं. ते रांगेतून येत नाही, म्हणून रांगेवरच्या फिल्टरला दिसत नाही. प्रोग्रामनेच टेक्स्ट भरला तरीही तसंच. लिहिण्याच्या चौकटीची "फक्त आकडे" ही विंडोजची स्वतःची खूण टायपिंग अडवते, पण पेस्टने अक्षरं आत येऊ शकतात. डॉटनेटच्याच डब्ल्यूपीएफमध्ये प्रिव्ह्यू-टेक्स्ट-इनपुट लावलं तर टेक्स्टबॉक्समध्ये मोकळी जागा त्यातून सुटते, ती प्रिव्ह्यू-कीडाउनमध्ये वेगळी पाहावी लागते, आणि पेस्टला स्वतंत्र हँडलर जोडावा लागतो.

म्हणून तपास एका अक्षराचा करू नका, होऊ घातलेल्या मजकुराचा करा. निवडलेल्या भागाच्या आधीचा मजकूर, नवं अक्षर, निवडलेल्या भागानंतरचा मजकूर, हे जोडा आणि मग पाहा. क्विंटलमधलं वजन असेल तर दशांश चिन्ह एकच आणि त्यानंतर जास्तीत जास्त तीन आकडे. "१२." हे अर्धवट असलं तरी टाइप होताना मान्य हवं, रिकामा रकानाही मान्य हवा, नाहीतर माणसाला जुना आकडा पुसताच येत नाही. पूर्ण तपास, म्हणजे शून्य आहे का, गाडीच्या वजनापेक्षा जास्त आहे का, हा फोकस सोडताना आणि सेव्ह करताना. किलोच्या रकान्यात पेस्टमधून "१,२४०.५ किलो" आलं तर सगळं नाकारण्याऐवजी स्वल्पविराम काढून आकडा तेवढा घ्या.

राहिला प्रश्न प्रोग्रामच्या बाहेरून येणाऱ्या मेसेजचा. बऱ्याच दुकानांत प्रोग्राम प्रोग्राम-फाइल्समध्येच डेटा लिहितो म्हणून "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा" ही खूण कायमची लावलेली असते. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या विंडोत मेसेज किंवा बटणं घुसवता येत नाहीत. परिणामी बाहेरून अक्षरं पाठवणारं मराठी-कन्नड टायपिंगचं साधन नोटपॅडमध्ये चालतं आणि नेमकं पट्टीच्या प्रोग्राममध्ये चालत नाही. दोष टायपिंगच्या साधनाला दिला जातो. ड्रॅग करून फाइल टाकणंही याच कारणाने बंद पडतं. फाइलपुरता चेंज-विंडो-मेसेज-फिल्टर-एक्सने ५६३, ७४ आणि ७३ हे मेसेज मोकळे करता येतात, पण टायपिंगवर त्याचा उपयोग नाही. डेटा प्रोग्राम-फाइल्समधून हलवा आणि ॲडमिनची खूण काढा.

पूर्ण कॉम्प्युटरवर नजर ठेवणारा कीबोर्ड हुक मात्र लावू नका. त्याला प्रत्येक बटणामागे ठरलेल्या वेळेत उत्तर द्यावं लागतं, विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही मुदत जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद आहे. उशीर होत गेला तर विंडोज काही न सांगता हुक काढून टाकतं. शिवाय मालकाच्या बँकेचा पासवर्डही त्यातूनच जातो. दुकानदाराने आपल्यावर टाकलेला विश्वास एवढ्या स्वस्तात वापरू नये.

गिऱ्हाइकाकडे देण्याआधी तपासायला अर्धा तास पुरतो. तीन लेआउट लावा: इंग्लिश (इंडिया), मराठी, कन्नड. प्रत्येकावर वजनाच्या रकान्यात वरच्या ओळीने आणि नंबरपॅडने १२.५ लिहा, मध्येच बॅकस्पेस करा, सगळं निवडून नवा आकडा टाका. नावाच्या रकान्यात लक्ष्मी, ज्ञानेश्वर, बेळगाव लिहा आणि सेव्ह करून परत उघडा. दुसरीकडून मराठी आकडे कॉपी करून उजव्या क्लिकने पेस्ट करा. एफ-दहा तीन सेकंद दाबून धरा आणि पट्ट्या मोजा. कॉम्बोची यादी उघडी ठेवून एंटर दाबा. मेसेज-बॉक्स समोर असताना स्कॅन करा. काही बिनसलं तर व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं स्पाय-प्लस-प्लस उघडून त्या चौकटीवर लावा आणि २५६ मागून २५८ येतो का ते पाहा. २५६ दिसतो पण मागून २५८ येत नसेल तर कीडाउन ट्रान्सलेट होण्याआधीच रांगेवरच्या फिल्टरने गिळलाय, दोन्ही दिसूनही रकाना रिकामा असेल तर कीप्रेसमध्ये शोधा.